चंद्रांतराचा ताळा : स्टेलॅरियम की वही?

चंद्र ताऱ्यांमधून सरकत असतो, म्हणून एखाद्या ताऱ्यापासूनचं त्याचं अंतर मोजून ग्रिनिचची वेळ आणि त्यावरून आपला रेखांश काढता येतो; हीच चंद्रांतराची रीत. चंद्र आणि चित्रा यांच्यातलं अंतर सेक्स्टंटने (कोन मोजायच्या हातातल्या उपकरणाने) मोजलं, आकडेमोड झाली, ग्रिनिचची वेळ निघाली. आता ताळा कशावर पाहायचा, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक प्रोग्रॅमवर, की वहीत हाताने गणित करून? मी दोन्ही प्रकार भुसावळच्या गच्चीवर करून पाहिलेत. इथे समुद्राचं क्षितिज कुठून आणणार, पण ताळ्यापुरतं ते लागतही नाही. गच्चीचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की चंद्राचे आणि ताऱ्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, गणितानेच काढता येतात.

स्टेलॅरियमने काम झटपट होतं. जागा आणि वेळ भरायची, कोन मोजायचं प्लगइन लावायचं, ताऱ्यापासून चंद्राच्या कडेपर्यंत रेघ ओढायची. तापमान आणि हवेचा दाबही भरता येतो, आणि खान्देशात ही सोय लहान नाही. अल्मनॅक म्हणजे चंद्र-ताऱ्यांच्या जागा देणारं वार्षिक पंचांग; त्यातलं वक्रीभवनाचं (हवेत प्रकाश वाकून तारा जरा वर दिसतो, त्याचं) मुख्य कोष्टक 10 अंश सेल्सिअस आणि 1010 मिलिबार धरून केलेलं आहे. मे महिन्यात आमच्याकडे रात्री नऊलाही गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही. अशा हवेत 20 अंश उंचीवरच्या ताऱ्याचं वक्रीभवन साधारण पाव कलेने (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी भरतं. चंद्र ताऱ्यांमधून ताशी जेमतेम अर्धा अंश सरकतो, त्यामुळे ही पाव कला पूर्णपणे अंतरात उतरली तर वेळेत अर्धा मिनिट आणि रेखांशात साडेसात कला चूक येते. भुसावळचा माणूस जवळच्या नशिराबादला पोचला! अल्मनॅकमध्ये यासाठी जादा कोष्टक आहे, पण ते उघडायची आठवण आपणच ठेवायची.

वही-कॅलक्युलेटरचं काम कंटाळवाणं आहे, हे कबूल. मला एका निरीक्षणाला पाऊण तास लागतो.

तरी माझा कल वहीकडे आहे, आणि त्याला एकच वैताग कारण. एकदा चंद्र साठेक अंशांवर होता. सेक्स्टंटचा आकडा स्क्रीनवरच्या रेघेशी छान जुळत होता, वेळ मात्र अर्धा मिनिट चुकत होती. तीन रात्री तेच. इंडेक्स एरर (सेक्स्टंटच्या शून्यातली चूक) पुन्हा पुन्हा तपासली, घड्याळावर संशय घेतला. स्टेलॅरियम म्हणणार, मोजलंय बरोबर. पुढचं गणित कुठे गंडलं, ते त्याला काय माहीत? शेवटी वही घेऊन ओळीओळीने उतरलो. पॅरलॅक्स (पृथ्वीच्या केंद्राऐवजी गच्चीवरून पाहिल्याने चंद्राच्या जागेत पडणारा फरक) ठीक, वक्रीभवन ठीक, चंद्राची त्रिज्या मात्र अल्मनॅकमधून तशीच उचललेली. चंद्र वर चढला की आपल्याला जरा जवळ येतो, त्याची दिसणारी त्रिज्या पाव कलेच्या आसपास वाढते. ती वाढ मी धरलीच नव्हती.

नुसता हात बसवायचा असेल तर स्टेलॅरियम पुरेल, असं मला वाटतं. गणिताची खात्री हवी असेल, तर माझ्या अनुभवापुरतं सांगतो, आधी वही पुरी करा आणि लॅपटॉप मग उघडा. पावसाळ्यात चंद्र आठवडेच्या आठवडे ढगांत असतो. तेव्हा मी मागच्या उन्हाळ्याची निरीक्षणं वहीतून काढून पुन्हा सोडवत बसतो.