टेल्युरियम कॉपरच्या टेस्ट लीड्स, एक अख्खा पावसाळा वापरून

रत्नागिरीत आमचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमापाची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासायचं, छोटं काम आहे, गिऱ्हाईक म्हणजे आंबा पल्पवाले आणि मच्छीचे कोल्ड स्टोरेज, त्यामुळे जास्त करून थर्मोकपलच (तापमानाप्रमाणे अगदी थोडं व्होल्टेज देणारे सेन्सर) हातात असतात. मे महिन्यात टेल्युरियम कॉपरचे (थोडं टेल्युरियम मिसळलेलं तांबं) प्लग आणि वर सोन्याचं प्लेटिंग असलेल्या लीड्स, म्हणजे मीटरला जोडायच्या वायरी, ऑनलाइन मागवल्या, २८०० रुपये जोडी. महाग वाटल्या, खरं सांगतो.

आधीच्या लीड्सचे प्लग पितळेचे, वर निकेल. साडेसहा डिजिटच्या, म्हणजे अगदी बारीक फरक दाखवणाऱ्या मीटरवर १०० मिलिव्होल्ट रेंज लावायची, टोकं शॉर्ट करायची आणि एक प्लग दोन बोटांत धरून ठेवायचा, आकडा १० मायक्रोव्होल्टच्या वर जायचा आणि हात काढला की हळूहळू खाली यायचा. तांबं आणि पितळ जिथे जुळतं तिथे एका डिग्रीच्या फरकाला साधारण ३ मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि के टाइप (थर्मोकपलचा एक प्रकार) मुळात डिग्रीला ४१च्या आसपास देतो, म्हणजे पाव डिग्रीची चूक नुसत्या प्लगची! मी दोन वर्षं मीटरवर संशय घेत होतो. नवीन लीड्सना हीच बोटांची टेस्ट केली तर दोनच्या आत राहतं. तरी प्लग लावल्यावर दहा मिनिटं थांबाच, दोन्ही टोकं एका तापमानाला आली पाहिजेत, आणि पंख्याचा वारा टर्मिनलवर नको.

मग साधं उघडं तांबं का नको? नवं असताना तेही उत्तमच, मी तांब्याचे लग्ज (वायरच्या टोकाला लावायचे जोड) वापरून बघितलेत, पण आमच्याकडे खिडकीतून खारा वारा येतो, गणपतीपर्यंत काळे पडले. तांबं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड, हा जोड डिग्रीला १००० मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, पितळ बरं म्हणायची वेळ येते. किनाऱ्यावर सोन्याचा थर चैन नाही, गरज आहे.

तक्रार एकच, प्लेटिंग पातळ आहे. रोज काढ-घाल होऊन लाल प्लगच्या स्प्रिंगजवळ तांबं दिसायला लागलंय. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. आता काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. बॅटरी नाहीतर २३० व्होल्ट बघायला ह्या लीड्स घेऊ नका, तिथे माझ्या जुन्या पितळेच्याच चालू आहेत.