कॉलेज प्रत्यक्ष बघूनही फसलो: एमबीए प्रवेशात गेलेले ४,८६,५०० रुपये

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, "पैसे भरण्याआधी कॉलेज बघून आला नव्हतात का?" आलो होतो. मुलीला घेऊन पुण्याला गेलो, दोन तास फिरलो, वर्ग, लॅब, लायब्ररी, कॅन्टीन सगळं पाहिलं. तरीही ४,८६,५०० रुपये भरून बसलो. त्यामुळे "आधी जाऊन बघा" एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांचा आता राग येतो. कधी जायचं, काय बघायचं आणि कुठला कागद हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे कुणी सांगत नाही.

आम्हाला जूनमधल्या शनिवारी बोलावलं. कॅम्पस ओस पडलेला. विचारलं तर काउन्सेलर म्हणाला, "सर, दुसऱ्या वर्षाची मुलं समर इंटर्नशिपला गेली आहेत." यात खोटं काही नाही, म्हणूनच पटलं. एमबीएच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मधल्या काळात इंटर्नशिप असतेच, चांगल्या कॉलेजांतही त्या दिवसांत शुकशुकाट असतो. म्हणून तर ही मंडळी जून-जुलैत भेटी लावतात. जायचं तर आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात नाहीतर फेब्रुवारीत जा, मंगळवारी-बुधवारी, अकराच्या सुमारास, न कळवता. नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक आणि त्या घटकेला वर्गात चाललेला तास जुळतो का बघा. तुमच्यासोबत फिरायला दिलेली कोट घातलेली मुलं सोडा, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मिळाला का, परीक्षा कुठे झाली, निकालपत्रावर विद्यापीठाचं नाव कोणतं, एवढं विचारा.

आता लायब्ररी. व्यवस्थापन अशी पाटी लावलेल्या कपाटातून मी मार्केटिंगचं एक जाड पुस्तक काढलं. पहिल्या पानावर दाखल क्रमांकाचा जांभळा शिक्का होता आणि त्यात नाव होतं वेगळ्याच इंजिनीअरिंग कॉलेजचं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा ठसा मार्च २०११ चा. ते पान मी काउन्सेलरला दाखवलं. "आपल्या ग्रुपचंच कॉलेज आहे, सर," असं म्हणत त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि परत कपाटात ठेवलं.

तिथेच थांबायला हवं होतं. कुठला ग्रुप, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक काय, दोन्ही संस्था एकाच ट्रस्टच्या आहेत याचा कागद दाखवा, इतकं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो शिक्का डोळ्यांसमोर येतो. पण माझीही बाजू ऐका. मुलगी शेजारी उभी होती, तिचा चेहरा फुलला होता, आणि पोरीदेखत किती खोदून विचारायचं असं वाटून गेलं. माझ्या जागी कुणीही असता तर हेच झालं असतं. ती इमारत भेटींच्या दिवसांपुरती भाड्याने घेतली होती, हे फार उशिरा कळलं. तास भरले ते कपड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत.

पैसे असे गेले. सीट बुकिंग २१,०००, त्याच दिवशी, कारण "दोनच जागा उरल्यात". पहिला हप्ता २,५०,०००. विद्यापीठ नोंदणी १,००,०००. प्लेसमेंट ट्रेनिंग ४५,०००. लॅपटॉप आणि ब्लेझर ३८,५००. होस्टेल डिपॉझिट ३२,०००, त्यातले भांडून १८,००० परत मिळाले. बाकी ४,६८,५०० बुडाले. पावत्या संस्थेच्या नावाच्या नव्हत्या, एका एलएलपीच्या, म्हणजे खासगी भागीदारी फर्मच्या होत्या. पावतीवरचं नाव, बँक खात्याचं नाव आणि मान्यतापत्रावरचं नाव, तिन्ही अक्षरन् अक्षर एक असल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

विकलं काय, तर "एमबीए अधिक पीजीपीएम". एमबीए ही पदवी आहे, ती विद्यापीठच देतं. पीजीडीएम ही पदविका, स्वायत्त संस्था एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) मान्यतेने देतात. पीजीपीएम म्हणजे बहुतेक वेळा संस्थेने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र. आम्हाला सांगितलं की पदवी परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची आहे आणि हे त्यांचं पुण्यातलं केंद्र. खासगी विद्यापीठाला कॉलेज संलग्न करून घेता येत नाही, फ्रँचायझी देता येत नाही, हे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मला ते नोव्हेंबरात कळलं, मुलीच्या ओळखपत्रावरचा पीआरएनचा रकाना तेव्हाही कोरा होता. विद्यापीठाला मेल केला. या नावाची विद्यार्थिनी नाही, असं केंद्रही नाही, असं उत्तर आलं.

एआयसीटीईचं मान्यतापत्र ठरावीक मुदतीचंच असतं. त्यात संस्थेचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम, शैक्षणिक वर्ष आणि मंजूर जागा असतात. भिंतीवरची फ्रेम किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो धरू नका, एआयसीटीईच्या वेबसाइटवरून स्वतः काढा आणि त्यातला पत्ता वाचत त्या दारात उभे राहा. पत्ता जुळला नाही तर माघारी फिरा. आमच्या फ्रेममधलं पत्र खरं होतं, फक्त ते त्या इंजिनीअरिंग कॉलेजचं होतं.

"सीईटी नसली तरी चालेल" हे वाक्य कानावर पडलं की उठा. व्यवस्थापन कोट्यालाही सीईटी, कॅट, सीमॅट अशा कुठल्यातरी परीक्षेचे गुण लागतात. राज्यातल्या एमबीए कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिसते, ती तोंडी सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरच्या "हायेस्ट पॅकेज"ला काही अर्थ नाही. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणारं कॉलेज तिथे भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवतं, त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक (सगळे पगार ओळीने लावले तर बरोबर मधला) पगार किती हे असतं. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था; नॅकचं मानांकन संपूर्ण संस्थेला मिळतं, एनबीएचं त्या एका अभ्यासक्रमाला. नुसतं "अॅक्रेडिटेड" म्हणाले तर कशाला, हे विचारा.

आणि बँक! राष्ट्रीयीकृत बँकेने शैक्षणिक कर्जासाठी मान्यतापत्र मागितलं. काउन्सेलर म्हणाला, बँकेत महिना जातो, तोवर सीट जाईल. मी मुदत ठेव मोडली. कर्जाची गरज नसली तरी बँकेत अर्ज करा. बँक ज्या अभ्यासक्रमाला कर्ज देत नाही, त्याला आपण आयुष्यभराची कमाई कशाला द्यायची?

यानंतर जे झालं त्याची चीड फसवणुकीपेक्षा जास्त आहे. पोलीस ठाण्यात चार चकरा झाल्या. "दिवाणी बाब आहे, वकील गाठा," म्हणाले. दिवाणी कशी? खोटी इमारत दाखवून, दुसऱ्याचं मान्यतापत्र फ्रेम करून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? मोठ्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, रक्कम छोटी आहे. एका सरकारी कार्यालयाने लिहून दिलं की संस्था आमच्या मान्यतेची नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत नाही. म्हणजे मान्यता घेऊन घोळ घातला तर नोटीस, मान्यताच घेतली नाही तर रान मोकळं! दुसऱ्या कार्यालयाने ऑनलाइन तक्रार घेतली आणि सतरा दिवसांनी "निकाली" असा शेरा मारला. काय निकाली काढलं? एक फोन नाही, एक प्रश्न नाही. ओळखीच्या वकिलाने सांगितलं, शिक्षण ही सेवा नाही, ग्राहक आयोगात जाऊ नका.

यातलं शेवटचं अर्धवट आहे. सरसकट सगळ्या शैक्षणिक तक्रारी तिथे टिकत नाहीत हे खरं, पण संलग्नता आणि मान्यता आहे असं खोटं सांगून प्रवेश देणाऱ्या एका डेंटल कॉलेजविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ती तक्रार ग्राहक कायद्याखालचीच होती. भूपेश खुराना प्रकरण म्हणा, वकिलाला सापडेल. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा, मग कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. ठाण्यात तोंडी बोलून परत येऊ नका, लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. माझे पहिले दोन महिने याच चुकीत गेले.

मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका. प्रवेशाच्या वेळी पाहून, तपासून लगेच परत द्यायच्या, हे यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे. आमच्याकडून दहावी, बारावी आणि बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या "पडताळणीसाठी" घेतल्या. तिसऱ्या मजल्यावर आता कुलूप आहे. मुलीला यंदाच्या सीईटीतून प्रवेश घ्यायचा आहे, म्हणून बोर्डात आणि विद्यापीठात दुय्यम प्रतींचे अर्ज भरले आहेत.