स्टुडिओतून वरच्या खुर्चीत: श्रायर आणि इंगेनलाथ

दोघेही जर्मन कार-डिझायनर, दोघेही फोक्सवॅगन समूहात घडलेले. पीटर श्रायर २००६ मध्ये ऑडीकडची पुण्याई घेऊन कियात आले. तेव्हा कियाची गाडी लांबून ओळखू येत नसे. २००७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात त्यांनी 'की' ही संकल्पना-गाडी मांडली आणि तिच्यावर वाघाच्या नाकासारखी जाळी बसवली. पुढे तीच जाळी कियाची ओळख ठरली. २०१२ च्या अखेरीस त्यांना कियाचं अध्यक्षपद मिळालं, पण हातातली पेन्सिल सुटली नाही. उलट कियाच्याच समूहातल्या ह्युंदाईच्या डिझाइनची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

थॉमस इंगेनलाथ यांची उडी मोठी, म्हणून जोखमीचीही. २०१२ पासून व्होल्व्होचं डिझाइन सांभाळणाऱ्या या माणसाला २०१७ मध्ये थेट पोलस्टार या व्होल्व्होशी जोडलेल्या गाडी-कंपनीचा सीईओ केलं गेलं. आता प्रश्न फक्त रेषांचा नव्हता. कारखाना, वितरण, भांडवल, सगळंच अंगावर आलं. २०१३ ची व्होल्व्होची कूपे (दोन दारांची) संकल्पना-गाडी पोलस्टार १ होऊन रस्त्यावर उतरली. एखाद्या डिझायनरला आपलं रेखाटन असं फळताना क्वचितच दिसतं. २०२२ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात गेली, पण बाजाराला सौंदर्याची भुरळ फार काळ पडत नाही. २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं.

मला विचाराल तर श्रायर यांची वाट शहाणपणाची: मान वाढला, काम तेच राहिलं. इंगेनलाथ यांची वाट मात्र जास्त रंजक, कारण तिथे चुकायला जागा होती.