चौदा महिन्यांचा वायरलेस माऊस आणि वीतभर तारेचा प्रश्न

हा माऊस मी २०२४ च्या दिवाळीत ७४९ रुपयांना घेतला. त्याचा आकार, वजन, डीपीआय (कर्सर किती चपळ सरकतो त्याचे माप) आणि एका सेलवर वर्षभर चालण्याचा दावा या गोष्टी खोक्यावरच छापलेल्या असल्यामुळे त्या येथे पुन्हा सांगत नाही. मार्चमध्ये मी या माऊसला एकच तारा देऊन संतापाने चार ओळी लिहिल्या होत्या. तो अभिप्राय बव्हंशी चुकीचा होता हे आधीच कबूल करते. आज एका ताऱ्याचे तीन करीत आहे. उरलेले दोन का रोखून धरले आहेत, ते सांगण्यासाठी हे एवढे लिहावे लागत आहे.

मी बँकेतून निवृत्त झाले असून डोंबिवलीतील आमच्या चौसष्ट सदनिकांच्या सोसायटीचे हिशेब घरच्या संगणकावर ठेवते. हे काम रात्रीची जेवणे आटोपल्यावर, साधारण साडेनऊच्या सुमारास सुरू होते. पहिले अडीच महिने माऊसबद्दल तक्रारीला जागा नव्हती. जानेवारीच्या अखेरीस कर्सर एकाएकी थबकू लागला. मी माऊस सरकवीत राही, कर्सर जागचा हलत नसे, आणि मग अचानक दोन-तीन इंच पुढे उडी मारून भलत्याच रकान्यावर जाऊन बसे. अशाच एका उडीमुळे ३०२ क्रमांकाच्या सदनिकेचे ३,८५० रुपये ३०३ च्या नावावर जमा झाले. महिनाअखेरीस दोन्ही घरांतील मंडळी पावत्या घेऊन माझ्या दारात उभी राहिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या चुकीबद्दल मी इतरांना बोलत आले, ती चूक माझ्या हातून एका माऊसने करविली, हे मला फार लागले.

उपाय मी क्रमाने केले. प्रथम सेल बदलला. मग दुसऱ्या कंपनीचा सेल घातला, मग आणखी एक. (काढून टाकलेले तिन्ही सेल दोन भिंतीवरच्या घड्याळांत आणि एका रिमोटमध्ये आजही चालू आहेत. दोष सेलचा नव्हता, याचा याहून स्वस्त पुरावा मिळणार नाही.) त्यानंतर विंडोजच्या माऊस सेटिंगमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली. तिचा संबंध हाताच्या वेगानुसार कर्सरचा वेग बदलण्याशी असतो, थबकण्याशी नव्हे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचविण्यासाठी यूएसबी उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाकडून काढून घेतली. या मुभेचा त्रास वेगळ्या प्रकारचा असतो : माऊस बराच वेळ न हलविता ठेवला की पहिल्या हालचालीला कर्सर उशिरा जागा होतो, आणि त्यानंतर सुरळीत चालतो. माझे दुखणे ते नव्हते. ड्रायव्हर, म्हणजे माऊस चालविणारी आज्ञावली, काढून पुन्हा घातला, व्हायरसची तपासणी केली. फोनवर चिरंजीवांनी सल्ला दिला, “आई, साडेसातशे रुपयांच्या माऊससाठी किती जीव काढतेस, नवीन मागव.” एक वर्षाची हमी शिल्लक असताना नवीन वस्तू मागविणे माझ्या स्वभावात नाही.

म्हणून मी ठाण्याच्या सेवा केंद्रात गेले. तेथील टेबलावर माऊस उत्तम चालला, आणि काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी ताप नसलेले मूल दवाखान्यात आणले होते. बिलासोबत खोके आणि त्यावरील अनुक्रमांकाची पट्टीही हवी, असे त्याने सांगितले. खोके माळ्यावर होते. मी खोकी टाकून देत नाही. दुसऱ्या खेपेला ते नेले, पाऊण तास वाद घातला आणि बदली माऊस मिळविला. दोन खेपांच्या लोकल आणि रिक्षांवर २१० रुपये गेले. बदली माऊसही तिसऱ्या रात्री तसाच थबकला. एक ताऱ्याचा तो अभिप्राय त्याच रात्रीचा आहे.

खरा धागा मिळाला तो यजमानांच्या कुरकुरीतून. ते रात्री त्याच संगणकाला ब्लूटूथ स्पीकर जोडून अभंग ऐकतात. “हल्ली तान मध्येच तुटते,” असे ते बरेच दिवस म्हणत होते आणि मी ते इंटरनेटच्या खाती टाकून मोकळी झाले होते. एका रात्री तान तुटली त्याच क्षणी माझा कर्सरही अडकला. माऊस बिघडला असेल तर स्पीकर का अडखळावा? दोघांत समान काय, तर दोघेही रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात बिनतारी बोलतात. मी वही घेतली आणि दोन आठवडे वेळा टिपल्या. सकाळी बिघाड नाही, दुपारी जवळजवळ नाही. रात्री साडेनऊ ते सव्वादहा मात्र हमखास. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून पहिला संशय शेजारच्या ओव्हनवर गेला; परंतु रोज पाऊण तास अन्न गरम करणारे कुटुंब आमच्या इमारतीत नाही.

साडेनऊला आमच्या घरात एकच गोष्ट न चुकता होते, ती म्हणजे बॅकअप, संगणकातल्या हिशेबांची जादा प्रत काढणे. जानेवारीत मी हिशेबांच्या काळजीने एक बाह्य हार्ड डिस्क घेतली होती आणि चिरंजीवांनी तिला रोज रात्री साडेनऊची वेळ लावून दिली होती. ती डिस्क कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी ३.० मध्ये, खोवलेली होती. माऊसचे संदेश पकडणारा नखाएवढा रिसीव्हर तिच्या शेजारच्याच पोर्टात होता, आणि स्पीकरशी बोलणारा तसलाच ब्लूटूथचा डोंगल त्याच्या खाली.

यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती नेते, आणि त्या वेगाने धावणाऱ्या संकेतांचा विद्युत गोंगाट फार रुंद पट्ट्यावर पसरतो, २.४ गिगाहर्ट्झ त्याच्या बरोबर मध्ये सापडते. हा गोंगाट पोर्टातून, तारेतून आणि डिस्कमधून बाहेर झिरपतो. ही माझी उपपत्ती नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले असून, यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात जवळपास शंभर पटींनी, वाढल्याचे त्यात दाखविले आहे. बिनतारी माऊसचे उदाहरणही त्यात आहे. माऊसचा संदेश मुळातच क्षीण. तो टेबलाखालून, लोखंडी कॅबिनेटला वळसा घालून मागे पोहोचणार, आणि तेथे रिसीव्हरच्या कानाशी हा गलका चाललेला असणार. काही संदेश हरवतात, काही उशिरा पोहोचतात. कर्सर थबकतो आणि मग उडी मारतो.

खात्री करणे सोपे होते. संगणकातला चित्रे काढण्याचा पेंट उघडून माऊसने भराभर वर्तुळे काढली. बॅकअप बंद असताना वर्तुळे गोल आली. बॅकअप चालू करताच त्यांचे ओबडधोबड बहुकोन झाले, कारण मधले बिंदू संगणकापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि पेंटने उरलेले बिंदू सरळ रेघांनी जोडले होते. मग बाजारातून १४० रुपयांची यूएसबीची एक्स्टेन्शन केबल आणली, रिसीव्हर तिच्या टोकाला लावला आणि तो टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर ठेवला. बॅकअप चालू असताना वर्तुळे पुन्हा गोल आली. तीन रात्री केबल लावून आणि तीन रात्री काढून पाहिले. ताळा बरोबर जुळला. यजमानांचा डोंगल समोरच्या पोर्टात हलविल्यावर तानाही अखंड झाल्या.

म्हणजे माऊस निर्दोष होता, बदली माऊसही निर्दोष होता, आणि सेवा केंद्रातल्या त्या मुलाची नजरही एका अर्थी रास्त होती. मग दोन तारे कशासाठी रोखायचे? त्या तारेसाठी, म्हणजे एक्स्टेन्शन केबलसाठी. खोक्यात काय काय होते याची यादी मी काढली आहे : एक सेल, एक स्टिकर, हमीपत्र, आणि उलगडल्यावर वर्तमानपत्राएवढी होणारी एक पत्रिका. ‘सेल गिळू नये’ हे वाक्य तिच्यात चोवीस भाषांमध्ये छापले आहे. रिसीव्हर यूएसबी ३.० च्या उपकरणाशेजारी लावू नये, हे एका भाषेतही नाही. ज्या गोष्टीची माहिती या उद्योगाला २०१२ पासून आहे ती २०२४ च्या खोक्यात एका ओळीनेही सांगायची नाही, आणि मला किरकोळ दुकानात १४० रुपयांना मिळालेली तार कंपनीने ठोक भावात घेऊनही द्यायची नाही, याला मी काटकसर म्हणत नाही. काटकसर मला कळते. स्टिकर दिला नसता तरी चालले असते. तो कोठे चिकटवायचा, हे मला चौदा महिन्यांत समजलेले नाही. माझा हिशेब असा : तीन सेल, दोन खेपा आणि केबल मिळून ४१० रुपये, म्हणजे माऊसच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक. सोसायटीत माझी जी शोभा झाली ती वेगळी.

जुलैमध्ये कर्सर पुन्हा बिघडला, आणि माझ्या नव्या विद्येचा गर्व थोडा उतरला. मी लगेच डिस्क काढली, केबल बदलून पाहिली. फरक पडला नाही. या वेळी कर्सर थबकत नव्हता. माऊसला हात न लावताही तो जागच्या जागी थरथरत होता. पेंटमध्ये वर्तुळाचे बहुकोन झाले नाहीत. रेघच करवतीच्या दात्यांसारखी आली. याचा अर्थ संदेश पोहोचत होते, पण माऊसला जे दिसत होते तेच चुकीचे होते. प्रकाशीय माऊसच्या पोटात एक बारीकसा कॅमेरा असतो आणि तो खालच्या पृष्ठभागाची छायाचित्रे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेऊन, एका चित्राची दुसऱ्याशी तुलना करून, माऊस किती सरकला ते ठरवितो. उलटा करून पाहिला तर भिंगाच्या भोकात कापसाचा एक तंतू अडकला होता. तो कॅमेऱ्यासमोर हलत होता आणि माऊस त्यालाच टेबल समजत होता. कान कोरायच्या कोरड्या काडीने तो काढला आणि काम झाले. बँकेत पहिले संगणक आले तेव्हा माऊसच्या पोटातला गोळा काढून रुळांवरचा मळ नखाने खरवडण्याचे काम आम्ही करीत असू, त्याची आठवण झाली.

पृष्ठभागाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या टेबलावर काच आहे आणि तिच्याखाली नातवंडांचे फोटो. नुसत्या काचेवर हा माऊस चालत नाही, म्हणून पॅडच्या ऐवजी मी एका जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वापरते. तिच्यावर सोनेरी चमकीचा गणपती होता आणि माऊस त्याच्यावरून गेला की कर्सर हमखास अडखळे. पत्रिका उलटी केल्यापासून तक्रार नाही. पॅडसाठी वेगळे पैसे घालविण्याची गरज मला अजूनही वाटत नाही.

ऑगस्टमध्ये मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले : कारण, वहीतल्या वेळा, बहुकोनांची चित्रे, आणि खोक्यातल्या पत्रिकेत घालण्यासाठी एक तयार वाक्य, मराठीत आणि इंग्रजीत. नवव्या दिवशी उत्तर आले. गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करून त्यांनी माऊसचा अनुक्रमांक मागितला होता, आणि तोपर्यंत सेल बदलून पाहावा, असे सुचविले होते.