भाड्याचा प्रोजेक्टर, पार्किंगमधली फायनल आणि एकशे दोनवाले काका

2025 च्या 2 नोव्हेंबरला बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची फायनल होती ना, इंडिया-साऊथ आफ्रिका, तेव्हा आमच्या सोसायटीने प्रोजेक्टर भाड्याने आणला होता. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण माणूस वाईट नाहीये आणि आपल्याला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण त्याला जे फोनवर सांगायचं राहिलं आणि आम्हाला जे विचारायचं सुचलं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून हे सगळं.

तर शनिवार-रविवार दोन दिवसांचे साडेतीन हजार, त्यात प्रोजेक्टर, आठ बाय सहाचा स्टँडवाला पडदा, दोन स्पीकर आणि वायरी. डिपॉझिट दोन हजार वेगळं. माणशी शंभर काढले आणि आमच्या विंगमधून ते गोळा करायला मला जितका वेळ लागला तितक्या वेळात टेस्ट मॅच संपते. एक गृहस्थ तर म्हणाले मी घरीच बघणार आहे, मला कशाला शंभर, आणि रविवारी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून हजर, हातात साबुदाणा वडा. असो.

शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ दिली होती, पोरगा आला पावणेआठला. पडद्याच्या स्टँडची एक क्लिप तुटलेली, ती त्याने सुतळीने बांधली, अगदी सराईतपणे, म्हणजे ती क्लिप आजची तुटलेली नव्हती. पिक्चर चांगला आला हे खरं. फक्त पडदा चौकोनी आणि पिक्चर लांबडा त्यामुळे वर-खाली काळी पट्टी, म्हणजे आठ बाय सहाचे पैसे दिले तरी बघायला आठ बाय साडेचारच मिळतं. हे आधी कुणी सांगत नाही.

टेस्टिंग म्हणून त्या रात्री पिक्चर लावला. कुठला ते सांगायलाच नको, 1988 चा, अशोकमामा आणि लक्ष्या, साड्या वगैरे. माझं प्रामाणिक मत असं की तो पिक्चर आता कुणी बघत नाही, सगळे म्हणतात. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी पार्किंगमधली पन्नास माणसं डायलॉग म्हणून मोकळी, आणि मग तोच डायलॉग स्पीकरमधून आला की परत हसणार. पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही माहिती आणि तरी कुणाचा रसभंग नाही. मला वाटलं प्रोजेक्टर पास, उद्या मजा येणार.

पण मॅच म्हणजे पिक्चर नाही.

पहिला प्रॉब्लेम उजेडाचा. मॅच दुपारी तीनला सुरू होणार होती आणि आमचं पार्किंग तीन बाजूंनी उघडं. दुकानदार म्हणाला होता तीन हजार लुमेन (म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) आहे मॅडम, टेन्शन घेऊ नका. दुपारी अडीचला लावून बघितलं तर पडद्यावर नुसती फिकट हिरवी छटा, तिच्यात माणसं असतील तर ती आपण समजून घ्यायची. बायकांनी घरातून चादरी आणल्या, त्या दोऱ्या बांधून टांगल्या, पार्किंगचा मांडव झाला तरी तेच. आम्हाला वाचवलं पावसाने. पाऊस पडत होता तिकडे नेरूळला डी. वाय. पाटीलवर आणि फायदा झाला आम्हाला, कारण मॅच सुरू व्हायला पाच वाजले. तरी पहिला तासभर स्मृती कुठली आणि शेफाली कुठली हे डावखुरी-उजवी यावरूनच ओळखत होतो. सहा वाजून गेल्यावर काळोख पडला तसा पिक्चर भरत गेला. म्हणून सांगते, दिवसाची मॅच असेल तर प्रोजेक्टर आणूच नका, मोठा टीव्ही भाड्याने मिळतो तो आणा.

दुसरा प्रॉब्लेम खरा. तो दुकानदाराचा नाही पण त्याला माहिती असणारच. आम्ही लॅपटॉपवर ॲप लावून मॅच दाखवत होतो आणि ॲपवरची मॅच केबलपेक्षा मागे असते. किती मागे, तर आमच्याकडे अर्धा मिनिट सहज. घरी एकट्याने बघताना हे कळतच नाही, कळतं ते चारही बाजूंनी बिल्डिंगी असताना. इकडे बोलर रनअपला उभी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना जिना उतरवत नाही म्हणून त्या केबलवर बघत होत्या, त्या खिडकीतून "फोर गं!" म्हणून मोकळ्या. मग आम्ही पन्नास जण बसून तो फोर यायची वाट बघणार. पोस्टमनने पत्र उघडून वाचून दाखवावं आणि मग हातात द्यावं तसं.

त्यात त्या संध्याकाळपासून तुळशीची लग्नं सुरू झाली होती. सातच्या आसपास बी विंगच्या मागे फटाक्यांची माळ लागली. आमच्याकडे शेफाली 87 वर खेळत होती. माळ ऐकल्याबरोबर सगळी पोरं खुर्च्यांवर उभी, सिक्स आला, सिक्स आला, कुणीतरी शिट्टी पण मारली, आणि पडद्यावर बघतो तर बाई कॅच आऊट. ते फटाके तुळशीच्या लग्नाचे होते. जी मुलगी मूळ टीममध्येच नव्हती, ओपनर प्रतिका जखमी झाली म्हणून बोलावलेली, ती फायनलला 87 मारते आणि तिच्या विकेटवर आम्ही शिट्ट्या मारतोय. वरून आजी, "अरे मेल्यांनो, गेली ती!"

298 झाल्यावर मध्यंतरात मीटिंग बसली. अशा मीटिंगमध्ये आपल्या लोकांना जी अक्कल सुचते ती एजीएममध्ये कुठे जाते कळत नाही. पहिल्या मजल्यावरच्या एकशे दोनवाल्या काकांचा सेट टॉप बॉक्स खाली आणायचा ठरलं. बॉक्स आणणं सोपं, पण केबलची काळी वायर वरून खाली आणायची म्हणजे लांबी लागते. तिसऱ्या मजल्यावर रंगकाम चाललेलं होतं तिथे जुन्या वायरीचं एक भेंडोळं मिळालं, काकांनी स्वतः खिडकीतून ती खाली सोडली. बॉक्स जोडला तर चित्र आहे पण आवाज नाही, कारण आधी आवाज लॅपटॉपमधून स्पीकरला जात होता, आता तो प्रोजेक्टरच्या पोटात अडकला. दुकानदाराला फोन लावला. इथे त्याला पूर्ण मार्क, सुट्टीच्या दिवशी रात्री दोन रिंगमध्ये फोन उचलला आणि न चिडता सांगितलं की प्रोजेक्टरच्या मागे छोटं गोल भोक आहे, हेडफोनची पिन जाते तसलं, त्यात स्पीकरची वायर घाला. घातली, आवाज आला. तोपर्यंत आफ्रिकेच्या काही ओव्हर होऊन गेल्या होत्या आणि त्यांच्या ओपनर मजेत खेळत होत्या.

काका अजून वरच होते, वायर खिडकीच्या फटीत नीट बसवत. तेवढ्यात आपल्या अमनजोतने थेट स्टंपवर मारला आणि त्यांची ओपनर ब्रिट्स रनआऊट. काका धावत जिन्यापर्यंत आले तर खालून सगळे ओरडले, काका वरच थांबा! आता हे काय आहे ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको. पंचवीस वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस, ऑडिटमध्ये पैशाचा हिशोब सोडत नाही, पण त्यांनी पण वाद घातला नाही. "हो हो, थांबतो," म्हणाले आणि आत गेले. बॉक्स आमच्याकडे, त्यामुळे त्यांच्या टीव्हीवर काही नाही. ते मोबाईलवर ॲप लावून बसले.

दहा वाजता सेक्रेटरींनी स्पीकर बंद करायला लावला, नियम आहे, बरोबर आहे त्यांचं. मग प्रोजेक्टरच्या स्वतःच्या त्या डबीतल्या आवाजावर मॅच. आणि सांगते, तीच खरी मजा. आवाज बारीक त्यामुळे कुणी बडबड करेना, जो माणूस प्रत्येक ओव्हरला "गेली मॅच, लिहून देतो" म्हणत होता त्याला बायकोनेच गप्प केलं. आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट काही जाईना. शेफालीने बॉलिंगला येऊन दोन काढल्या, ती म्हणजे त्या दिवशी ज्याला हात लावेल त्याचं सोनं, पण वोल्वार्ट तिथेच, शंभर पण झाले तिचे. मग दीप्तीच्या बॉलवर तिने उंच मारला आणि अमनजोत धावत आली, बॉल हातातून उडाला, परत उडाला, तिसऱ्या वेळी एका हातात राहिला. मी आजवर सोसायटीतल्या ज्या बाईशी पाण्याच्या टाकीवरून बोलत नव्हते तिचा हात माझ्या हातात होता हे मला नंतर कळलं.

आम्ही नाचून, बसून झालं. आणि मग पहिल्या मजल्यावरून एकट्या माणसाची आरोळी, "आऊऊऊट!" पार्किंगमध्ये जो हशा पिकला तो आदल्या रात्रीच्या पिक्चरला पण पिकला नव्हता. तिथून पुढे प्रत्येक विकेटला तेच. आम्ही आधी, काका नंतर. सगळे त्यांच्या आरोळीची वाट बघायला लागले, पोरं तर बोटांवर सेकंद मोजत होती.

बाराच्या सुमारास हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा कॅच घेतला. 52 रन्सनी जिंकलो. 2005 ची फायनल मला आठवत नाही पण 2017 ला लॉर्ड्सवर 9 रन्सनी गेलेली चांगली आठवते, तेव्हा आमच्या घरात मी एकटीच बघत होते आणि बाकीचे दुसरं काहीतरी लाव म्हणत होते. यावेळी पुढच्या दोन रांगा पूर्ण बायकांच्या. हरमनप्रीत टीमचा कोच अमोल मुझुमदारच्या पाया पडली तेव्हा मागच्या रांगेतले सगळे मुंबई क्रिकेटवाले डोळे पुसत होते, इतक्या रणजी मॅच खेळलेला माणूस, कधी इंडियाची कॅप मिळाली नाही. आणि या सगळ्याच्या मध्येच वरून काकांची शेवटची आरोळी आली. मग पोरं वर गेली आणि त्यांना अक्षरशः उचलून खाली आणलं.

सोमवारी सकाळी पोरगा सामान न्यायला वेळेवर आला, न्यायला बरोबर वेळेवर येतात. पडद्यावर हिरव्या चटणीचा पंजा होता, लहान मुलाचा. डिपॉझिटमधून दोनशे कापले. मी सुतळीचा विषय काढल्यावर शंभर परत दिले.

प्रोजेक्टरला तीन स्टार, दुकानदाराच्या फोनला पाच, पडद्याला दोन. परत आणणार का, तर हो, पण रात्रीच्याच मॅचला, आणि ॲपवर अजिबात नाही, सेट टॉप बॉक्सच लावायचा. वायर आधीच घेऊन ठेवा, पहिल्या मजल्यावरून पार्किंगच्या मध्यापर्यंत आम्हाला वीस मीटर लागली.