डिफ्रेन्शियल ‘बदललं’, पण एक नटही फिरला नव्हता

मुंबई-पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार नाशिकला आणणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटून देणारा गिअरचा डबा म्हणजे डिफ्रेन्शियल. ते बदलल्याचं सांगून मला ज्या पद्धतीने लुबाडलं, तीच पद्धत मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कुठल्याही गाडीवर चालेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी निसान ३७०झेड, ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, मॅन्युअल गिअर. मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून ‘ठक्’ असा जड आवाज यायचा. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकून क्लच सोडतानाही तेच. हायवेला एका वेगाने चालवली की गाडी अगदी शांत.

शहराबाहेर इम्पोर्टेड गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज आहे, तिथे दाखवली. गॅरेजवाल्याने मागचं एकच चाक जॅकवर उचललं, गाडी गिअरमध्येच ठेवली आणि चाक हाताने मागेपुढे फिरवून म्हणाला, “बघा साहेब, केवढा प्ले (सैलपणा) आहे. क्राऊन-पिनियन गेलं.” म्हणजे डिफ्रेन्शियलमधले मुख्य दातेरी गिअर. थोड्या वेळाने आतून एक ट्रे आणला. तेलात लोखंडाचे धारदार कपचे. हे तेल माझ्या गाडीतून माझ्यासमोर काढलेलं नव्हतं. मग दुबईहून डिफ्रेन्शियलची अख्खी असेंब्ली मागवावी लागेल, नाहीतर घाटात चाक जाम होईल, अशी भीती घातली. घरात लहान मुलं असलेल्या माणसाला कसाऱ्याच्या उतारावर चाक जाम होण्याची भीती दाखवणं, याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

व्हॉट्सॲपवर हिशोब आला: असेंब्ली १,८५,०००, सेंटर बेअरिंग १४,५००, ऑइल ८,५००, मजुरी ३२,०००. एकूण २,४०,०००. यातले निम्मे रोख मागितले, निम्मे यूपीआयने. पक्कं बिल “जीएसटीचं काम झालं की देतो.” ते आजतागायत आलेलं नाही. गाडी परत मिळाली तेव्हा खाली काळंभोर, चकचकीत डिफ्रेन्शियल दिसत होतं आणि आवाजही बंद होता. काही आठवड्यांत तो परत आला. फोन केला तर उत्तर मिळालं, “नवीन गिअर आहेत, सेट होतील.”

शेवटी अंबडला एका अनुभवी मिस्त्रींकडे गेलो. गाडी लिफ्टवर गेली, आणि हिशोबाचा कागद वाचताच ते थांबले. “भाऊ, या गाडीला सेंटर बेअरिंग नसतंच. शाफ्ट बघा, एकसंध आहे.” खरंच, ३७०झेडमध्ये गिअरबॉक्समधून डिफ्रेन्शियलपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट कार्बन फायबरचा, एकाच तुकड्याचा असतो. मधे बेअरिंग लागतं ते दोन तुकड्यांच्या शाफ्टला. म्हणजे जी वस्तू गाडीत असूच शकत नाही, तिचे १४,५०० रुपये माझ्याकडून घेतले होते.

मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. डिफ्रेन्शियलवर मारलेल्या काळ्या स्प्रेचे शिंतोडे सबफ्रेमवर (डिफ्रेन्शियल ज्यात बसतं ती खालची चौकट) आणि सायलेन्सरच्या पाइपवरही होते. युनिट खाली उतरवून रंगवलं असतं तर ते तिथे पडलेच नसते. शाफ्ट डिफ्रेन्शियलला जोडणाऱ्या चकतीच्या (फ्लँज) बोल्टांवरचा गंज तसाच होता, पान्याचा एक ओरखडा नाही. हे बोल्ट काढल्याशिवाय डिफ्रेन्शियल बाहेर येत नाही. मागच्या कव्हरच्या एका पट्टीवर जुना खरवडा होता. गाडी घेताना मी खालून फोटो काढले होते, त्यातही तो नेमका तिथेच आहे.

खरा दोष मिस्त्रींनी टॉमी (लोखंडी पहार) लावून दाखवला. जरा रेटा दिला तर अख्खं डिफ्रेन्शियल वर उचललं जाऊन परत खाली आदळत होतं. त्याला सबफ्रेममध्ये धरून ठेवणारा मागचा मोठा रबरी बुश फाटला होता. या बुशच्या आत द्रव भरलेला असतो. तो गळून गेला की बुश पोकळ होतो आणि ताकदीचा प्रत्येक झटका बॉडीला बसतो. ३५०झेड आणि ३७०झेड या दोन्ही गाड्यांत हा दोष माहितीतला आहे. गॅरेजवाल्याने त्या पोकळीत काळं सिलिकॉन भरलं होतं, म्हणून आवाज काही काळ दबला. त्याला दोष नेमका कुठे आहे हे ठाऊक होतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? नवा बुश मागवून हायड्रॉलिक प्रेसवर बसवला. सगळा खर्च १५,००० च्या आत.

मिस्त्रींनी समजावलेलं इथे देतो. क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग खराब झालं की बहुधा ‘ऊंऽऽ’ असा सलग आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने त्याचा सूर बदलतो. वेगाबरोबर वाढणारी पण ॲक्सिलरेटरने न बदलणारी घरघर असेल तर आधी व्हील बेअरिंग आणि टायर बघा. वळताना कटकट होत असेल तर ॲक्सलचे जॉइंट. झटका बसतानाच एकदा ‘ठक्’ होत असेल तर बुश आणि माउंटिंग आधी तपासायचे, डिफ्रेन्शियल उघडायचं ते सगळ्यात शेवटी. एक चाक जमिनीवर, गाडी गिअरमध्ये आणि दुसरं चाक हवेत असेल, तर चांगल्या गाडीतही प्ले भरपूर दिसतो, कारण सगळ्या गिअरमधली फट त्या एका चाकावर जमा होते. तेल स्वतःसमोर काढायला लावा. मॅग्नेटच्या प्लगवर राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. दातांचे कपचे निघाले तरच चिंता. आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून सहीचा तपासणी अहवाल घेतला आणि फोटो, व्हॉट्सॲपवरचा हिशोब, यूपीआयच्या नोंदी जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नोटीस गेल्यापासून गॅरेजवाला “निम्मे घ्या आणि मिटवा” म्हणतोय. मी पूर्ण रक्कम, व्याज आणि नव्या बुशचा खर्च मागितला आहे, आणि त्यातला एक रुपयाही सोडणार नाही.