रिकाम्या 'स्क्रॅच'वर बांधलेली इमेज: वापरून पाहिल्यावर

गो भाषेतला माझा वेब सर्व्हर अगदी लहान आहे. चार स्थिर पानं दाखवायची आणि एका फॉर्मची माहिती एचटीटीपीएसने दुसऱ्या सेवेकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. त्याची डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) मात्र ८०० एमबीच्या वर गेली होती, कारण कंपायलर आणि सोर्स कोड आतच राहिले होते. डॉकरफाइलच्या, म्हणजे इमेज बांधायच्या सूचनांच्या, शेवटी फाइली पुसणारी ओळ घातली, तरी आकार तसूभर कमी झाला नाही. इमेज एकावर एक थरांची, म्हणजे लेयरची, बनते आणि वरच्या लेयरमध्ये पुसलेली फाइल फक्त दिसेनाशी होते. खालच्या लेयरमध्ये ती जागा अडवून बसतेच.

मग मल्टी-स्टेज बिल्डकडे वळलो. ही सोय डॉकरमध्ये २०१७ पासून आहे. पहिल्या टप्प्यात कंपाइल करायचं, दुसरा टप्पा 'स्क्रॅच' या डॉकरच्या रिकाम्या पायावरून सुरू करून त्यात फक्त तयार बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) कॉपी करायची. इमेज ९ एमबीवर आली!

'स्क्रॅच' म्हणजे खरोखर काहीच नाही, आणि ते पदोपदी जाणवतं. पहिल्याच वेळी कंटेनर, म्हणजे इमेजवरून चालू केलेला प्रोग्राम, 'नो सच फाइल' म्हणून बंद पडला. फाइल तर डोळ्यांसमोर होती! नव्हता तो तिला लागणारा डायनॅमिक लोडर, म्हणजे सुरू होताना लायब्रऱ्या जोडून देणारा प्रोग्राम. सीगो (गोमधून सी भाषेचा कोड वापरायची सोय) बंद करून बायनरी स्टॅटिक केली, म्हणजे लागणारं सगळं तिच्यातच भरलं, तेव्हा सर्व्हर उभा राहिला. पानं झकास दिसू लागली, पण फॉर्म जाईना, कारण समोरच्या सेवेचं प्रमाणपत्र पडताळायला लागणारी रूट सर्टिफिकेटंच आत नव्हती. ती फाइल पहिल्या टप्प्यातून उचलून आणली. टाइमझोनचंही तेच, गो १.१५ पासून तो डेटा बायनरीतच भरता येतो, साधारण ४५० केबी वाढतात.

शेल (कमांड टाइप करायची सोय) नसल्यामुळे आत शिरून काही बघता येत नाही, त्यामुळे लॉग नीट लिहिणं भाग पडतं. मला ते पटलं. ज्यांना शेल हवाच त्यांनी अल्पाइन हे छोटंसं लिनक्स घ्यावं, मात्र तिथे ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी लायब्ररी आहे, म्हणून ग्लिबसीवर बांधलेली बायनरी तिथेही अडते. पायथनच्या सर्व्हरसाठी 'स्क्रॅच'च्या वाटेला जाऊ नये, इंटरप्रिटर आणि त्याच्या लायब्रऱ्या गोळा करण्यातच दिवस जातो.

मला सर्वांत जास्त समाधान आकाराचं नाही. आत कोणकोणत्या फाइली आहेत हे मी आता तोंडपाठ सांगू शकतो. सर्व्हर रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालवू नका, डॉकरफाइलमध्ये तेवढी एक यूजरची ओळ जरूर घाला. आत यूजरची नावं ठेवणारी पासवर्ड फाइल नसते, म्हणून तिथे नाव नाही, आकडा लिहायचा. मी ६५५३२ लिहिलाय.